उपचार संपले आणि मुंग्या सुरू झाल्या

डॉक्टर, सादर नमस्कार.

मी 53 वर्षांचा आहे, माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. गेल्या वर्षी मला टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. सात आठवडे मानेवर रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे तीन मोठे डोस झाले. हे सगळं संपून आता साडेचार महिने झाले. तीन महिन्यांनी केलेला पेट स्कॅन स्वच्छ आला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

पण उपचार चालू असताना जे झालं नाही, ते आता व्हायला लागलंय. आधी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग तळवे जाड झाल्यासारखे वाटू लागले. आता बधिरपणा पोटरीपर्यंत आलाय आणि हाताच्या बोटांची टोकंही तशीच होऊ लागली आहेत. परवा चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि मी चार पावलं तसाच पुढे गेलो. खाली पाहिलं तेव्हा कळलं. महिनाभरापासून वह्या तपासायला मान खाली घातली की पाठीतून थेट पायांपर्यंत करंट उतरतो. क्षणभरच, पण हातातलं पेन सुटतं इतका दचकतो. कानात रातकिड्यांसारखा आवाज सतत चालू असतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. आणि फळ्यावर उदाहरण सोडवताना पुढची पायरी डोक्यातून निघून जाते. हे माझ्या बाबतीत कधीच होत नव्हतं.

कॅन्सरच्या डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. दोनदा तपासणीला गेलो. ‘काही त्रास?’ असं त्यांनी विचारलं, मी ‘नाही’ म्हणालो. सांगितलं तर पुन्हा स्कॅन आणि पुन्हा तेच सगळं. बायको म्हणते, तुम्ही फार विचार करता. मेडिकलमधून नसांच्या ताकदीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या आणून घेतोय, फरक नाही. रोग मेंदूत किंवा मणक्यात गेलाय का, एवढंच मला कळू द्या. पुढच्या महिन्यात शाळेत पूर्णवेळ रुजू व्हायचंय. होऊ का? दुचाकी चालवू का?

– एक शिक्षक (नाव छापू नये)

सर, नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर बाकीचं वाचताना तुम्ही तेच शोधत राहाल. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून रोग मेंदूत किंवा मणक्यात गेला असण्याची शक्यता मला कमी वाटते. टॉन्सिलचा कॅन्सर पसरलाच तर बहुतेक वेळा मानेच्या गाठींत, फुप्फुसात, हाडांत जातो. मेंदूत जाणं दुर्मीळ आहे. आणि तुमची बहुतेक लक्षणं मिळालेल्या उपचारांशी फार नेमकी जुळतात. पण पत्र वाचून मला तुमच्या घोट्याचा रिफ्लेक्स तपासता येत नाही, त्यामुळे ‘कमी वाटते’ याच्या पुढे मी जाऊ शकत नाही. खात्रीसाठी तपासणी हवी. ज्या डॉक्टरांना तुम्ही दोनदा ‘नाही’ म्हणालात त्यांनाच आधी सांगायला हवं, आणि याच आठवड्यात. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलंय ते या लक्षणांच्या वेळेने. औषध बंद झालं म्हणजे त्याचा त्रासही उतरणीला लागायला हवा, असा आपला सगळ्यांचा साधा हिशोब असतो. तो वाढतोय म्हणजे दुसरंच काहीतरी वाढत असणार, अशी भीती त्यातून येते. सिस्प्लॅटिनच्या बाबतीत हा हिशोब लागू पडत नाही. या औषधामुळे नसांना होणारी इजा शेवटच्या डोसनंतरही साधारण दोन ते सहा महिने वाढत राहू शकते. काहींना तर उपचार संपेपर्यंत काहीच जाणवत नाही आणि पहिली मुंगी नंतर येते. डॉक्टर याला ‘कोस्टिंग’ म्हणतात. तुम्ही साडेचार महिन्यांवर आहात, म्हणजे बरोबर त्याच काळात.

असं का होतं, हेही सांगते. गणिताच्या माणसाला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही. सिस्प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनम या धातूचं संयुग. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि त्यामुळे कॅन्सरच्या पेशी मरतात. स्पर्श, कंप, सांध्यांची स्थिती या जाणिवा मेंदूकडे नेणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यालगत छोट्या छोट्या गाठींमध्ये असतात. मेंदूभोवती रक्तातल्या औषधांना अडवणारी जशी भिंत असते, तशी या गाठींभोवती नसते. त्यामुळे प्लॅटिनम तिथे सहज शिरतं आणि साठून राहतं. सिस्प्लॅटिन घेतलेल्यांच्या रक्तात अगदी अल्प प्रमाणातलं प्लॅटिनम अनेक वर्षांनीही सापडतं. तिथल्या एकेका पेशीचा धागा पार पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब गेलेला असतो. पेशी दुबळी झाली की कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला जसं आधी पाणी कमी पडतं, तसं धाग्याचं सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून सुरुवात बोटांपासून होते, मग तळवा, घोटा, पोटरी. पायांतला बधिरपणा इतका वर चढेपर्यंत हाताच्या बोटांची टोकं बोलू लागतात, कारण लांबीच्या क्रमाने आता त्यांची पाळी असते. दोन्ही बाजूंना सारखं, मोजे आणि हातमोजे घातल्यासारखं पसरतं.

डोसचा हिशोबही जुळतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण 300 मिलिग्रॅमच्या आसपास सिस्प्लॅटिन झालं की नसांचा त्रास दिसू लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. रेडिएशनसोबत दिले जाणारे तीन मोठे डोस सहसा 100-100 चे असतात. तुमचा नेमका आकडा डिस्चार्ज कार्डावर असेल. तो शोधून ठेवा, पुढे प्रत्येक डॉक्टर विचारणार आहे.

तुम्ही यात एकटे नाही. 2014 मध्ये 31 अभ्यासांतल्या चार हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. नसांना इजा करणारी केमो झाल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे 68 टक्के लोकांना हा त्रास होता, तीन महिन्यांनी 60 टक्के आणि सहा महिने किंवा त्यानंतर 30 टक्के. हे आकडे वेगवेगळ्या औषधांचे एकत्र आहेत, तुमचं भाकीत म्हणून ते वाचू नका. पण इतक्या लोकांना होणाऱ्या गोष्टीबद्दल उपचार संपताना नीट सांगितलं जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ‘आता सगळं संपलं, मजा करा’ म्हणून निरोप मिळतो आणि माणूस घरी येऊन रात्री एकटा पायाची बोटं चाचपत बसतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. सिस्प्लॅटिन जाणीव घेऊन जातं, ताकद सहसा घेऊन जात नाही. बधिर पाय आणि लुळा पाय या वैद्यकीयदृष्ट्या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची चप्पल निसटली ती पायाला कळलं नाही म्हणून. पण पाय उचलला जात नाही, पुढचा पंजा जमिनीला घासतोय, जिना चढताना गुडघा दगा देतोय, हात न टेकता खुर्चीतून उठता येत नाही, असं काही असेल तर माझं वरचं सगळं ‘कमी वाटते’ बाजूला ठेवा. भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून, दहा पावलं टाचांवर आणि दहा पावलं चवड्यांवर चालून पाहा. जमलं तर तेही डॉक्टरांना सांगा, नाही जमलं तर त्याच दिवशी सांगा.

तोल मात्र ताकद असूनही जाऊ शकतो. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की हेलकावा जातो का, अंधारात बाथरूमकडे जाताना भिंत धरावी लागते का, हे आठवून पाहा. पाय कुठे आहेत हे पायांकडून कळत नसलं की डोळे ते काम करत असतात, आणि डोळे मिटले की तो आधार जातो. तपासणीत डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात ते याचसाठी. चिमट्यासारखा दिसणारा ट्यूनिंग फोर्क, 128 हर्ट्झचा, ते पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतील आणि कंप जाणवतो का विचारतील. या साध्या दोन मिनिटांच्या गोष्टींतून जे कळतं ते पुष्कळदा महागड्या तपासणीतूनही कळत नाही. नसांतून संदेश कसे जातात ते पाहणारी एनसीव्ही तपासणी लागली तर करा. तुमच्या प्रकारात त्यात जाणिवेच्या नसांचे संदेश दुबळे आणि हालचालीच्या नसांचे जवळपास ठीक असं चित्र अपेक्षित असतं. ते तसं आलं नाही, तर तीसुद्धा उपयोगी माहिती ठरते.

मान खाली घातल्यावर उतरणाऱ्या करंटकडे येते. याचं वर्णन तुम्ही इतकं अचूक केलंय की वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचून दाखवावं. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ झां लेर्मित यांच्या 1924 मधल्या लेखनानंतर या लक्षणाला त्यांचंच नाव मिळालं. मान वाकली की मज्जारज्जू किंचित ताणला जातो. त्यातल्या जाणिवेच्या तंतूंवरचं आवरण कमकुवत झालं असेल तर त्या ताणानेच तंतू पेटतात आणि करंट धावतो. तुमच्याकडे याची दोन कारणं एकाच वेळी हजर आहेत. मानेवरच्या रेडिएशननंतर साधारण दोन ते सहा महिन्यांत असं होऊ शकतं, कारण आवरण तयार करणाऱ्या पेशींना तात्पुरता फटका बसतो. आणि सिस्प्लॅटिननेही हेच लक्षण दिसतं. या दोन्हींमुळे येणारा करंट बहुतेकांचा काही महिन्यांत आपोआप विरत जातो, आणि पुढे लुळेपणा येणार असल्याची ती खूण नसते. रेडिएशनचा मज्जारज्जूवर होणारा खरा गंभीर परिणाम हा वेगळा प्रकार आहे. तो बहुधा सहा महिन्यांनंतर किंवा त्याहून उशिरा येतो, त्यात ताकद जाते, आणि तो होऊ नये म्हणून मज्जारज्जूला पोहोचणारा डोस साधारण 45 ते 50 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचं एकक) आत ठेवण्याची काळजी नियोजनातच घेतलेली असते.

तरीही या करंटसाठी मी मानेचा एमआरआय करून घ्या म्हणेन. मानेतली सरकलेली चकती, बी12 ची कमतरता, आणि क्वचित मज्जारज्जूवर आलेली गाठ यांतूनही अगदी हाच करंट येतो. तुमच्या वयाला आणि आयुष्यभर वह्यांवर मान वाकवलेल्या माणसाला चकतीचा त्रास असणं काही नवलाचं नाही. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पेट स्कॅन स्वच्छ आला ही फार चांगली बातमी आहे, पण मेंदू आणि मज्जारज्जू पाहण्यासाठी ती तपासणी बनलेली नाही. पेटमध्ये साखर जास्त वापरणाऱ्या जागा उजळून दिसतात, आणि मेंदू स्वतःच एवढी साखर वापरतो की त्यातलं छोटं काही त्या झगमगाटात लपून जातं. शिवाय पुष्कळदा स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतच घेतलेला असतो. म्हणून ‘पेट स्वच्छ आहे, मग एमआरआय कशाला’ असा वाद घालू नका. एमआरआय सांगितला म्हणजे रोग परत आलाच, असंही समजू नका. तुमच्यासारख्या करंटमध्ये तो अनेकदा अगदी नॉर्मल येतो.

आता त्या गोष्टी, ज्यांच्यासाठी पत्र लिहायचं नसतं, फोन करून थेट इस्पितळ गाठायचं असतं. पाठीत किंवा मानेत नव्याने सुरू झालेलं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारं, रात्री झोपू न देणारं दुखणं. छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना. पाय जड होणं, चाल बिघडणं. लघवी अडकणं, किंवा लघवी-शौचाची जाणीव आणि ताबा जाणं. दोन मांड्यांच्या मधला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं. यांचा अर्थ मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तिथे वेळ फार मोलाचा आहे, कारण चालता येत असतानाच उपचार सुरू झाले तर चालणं टिकण्याची शक्यता खूप जास्त असते. म्हणून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत, संपूर्ण मणक्याचा एमआरआय व्हायला हवा. दुसऱ्या बाजूला, फिट येणं, सकाळी वाढणारी नवी डोकेदुखी आणि उलटी, एका बाजूचा हातपाय दुबळा होणं, दोन दोन दिसणं, यांनाही थांबायचं नाही. तोंड अचानक वाकडं होणं, बोबडं बोलणं, एक हात गळणं हा पक्षाघात असू शकतो. मानेला रेडिएशन मिळालेल्यांच्या गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या पुढच्या काही वर्षांत अरुंद होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून हे वाक्य तुमच्या घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

यातलं एकही लक्षण तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणूनच मी शांतपणे लिहू शकतेय.

पोटऱ्यांतले गोळे मात्र मला ताबडतोब तपासायचे आहेत, कारण त्यांचं कारण अगदी सुटणारं असू शकतं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांनाही इजा करतं. मग लघवीतून मॅग्नेशियम वाहून जात राहतं, कधी उपचार संपल्यावर कितीतरी महिने. मॅग्नेशियम घसरलं की गोळे येतात, झिणझिण्या येतात, सोबत कॅल्शियम आणि पोटॅशियमही घसरू शकतं, आणि फार घसरलं तर हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं. त्याच वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळण्यासाठी), बी12, साखर आणि थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी12 कडे अधिक लक्ष द्या, ते औषध बी12 कमी करतं. टीएसएच तर मानेला रेडिएशन मिळालेल्या प्रत्येकाने दर सहा ते बारा महिन्यांनी तपासायलाच हवी. थायरॉइड मंदावली की माणूस सुस्तावतो, विसरतो, हातांना मुंग्या येतात, आणि सगळे म्हणतात की केमोचा थकवा आहे.

विसरण्याबद्दल थोडंच. केमोनंतर लक्ष टिकत नाही, शब्द वेळेवर आठवत नाही, एकाच वेळी दोन गोष्टी हाताळता येत नाहीत, ही तक्रार अगदी नेहमीची आहे आणि बहुतेकांचं वर्षभरात बरंच सुधारतं. झोप मोडलेली, मनात सतत रोगाची धास्ती, कानात आवाज, अशा डोक्याने कुणालाही पुढची पायरी आठवणार नाही. विसरणं आठवड्या-आठवड्याने वाढतंय, ओळखीची वाट चुकतेय, स्वभाव बदललाय असं घरच्यांना वाटलं तर वेगळी तपासणी लागेल.

कानातला आवाजही सिस्प्लॅटिनचाच असण्याची दाट शक्यता आहे. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी त्याने मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, आणि यापुढे कुठल्याही आजारात अ‍ॅमिकासिन किंवा जेंटामायसिन यांसारखी कानाला इजा करू शकणारी अँटिबायोटिक देण्याची वेळ आली, तर ‘मला सिस्प्लॅटिन झालंय’ हे आधी सांगा.

आणि त्या दोन गोळ्या. सर, त्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत बंद करा. पाकिटावर पायरिडॉक्सिन म्हणजे बी6 किती मिलिग्रॅम लिहिलंय ते पाहा. नसांच्या ताकदीच्या काही गोळ्यांत एकाच गोळीत 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतं. दोन कंपन्यांच्या दोन गोळ्या घेतल्या की ते दुप्पट. अमेरिकेत रोजची वरची मर्यादा 100 मिलिग्रॅम धरली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 मध्ये ती केवळ 12 मिलिग्रॅमवर आणली, कारण जास्त बी6 दीर्घकाळ घेतल्याने जाणिवेच्या नसाच खराब होतात. म्हणजे जी मुंगी घालवायला गोळी घ्यायची, तीच मुंगी गोळीने वाढायची. अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन असं नाव दिसलं तर तेही नको. टॅक्सेन गटाची केमो चालू असलेल्या स्त्रियांवर त्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले, आणि गोळी घेणाऱ्यांचा नसांचा त्रास न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. बी12 कमी आढळलं तर ते जरूर घ्यायचं, पण रक्त तपासल्यावर, मोजून.

मग उपाय काय? खरं सांगायचं तर बधिरपणा घालवणारं औषध आज नाही. वेदना असेल, जळजळ असेल, तर ड्युलॉक्सेटिन या औषधाला 2013 मधल्या एका चांगल्या चाचणीचा आधार आहे, आणि अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने केमोच्या वेदनादायक नसविकारासाठी तेवढ्याच एका औषधाची शिफारस केली आहे. मूत्रपिंड, यकृत आणि चालू औषधं पाहून ते डॉक्टरच देतील. ते मनाने सुरू करायचं नाही आणि एकाएकी बंदही करायचं नाही. तुमच्या पत्रात वेदनेचा उल्लेख नाही, त्यामुळे कदाचित त्याची गरजही पडणार नाही. तुम्हाला लागेल तो फिजिओथेरपिस्ट. तोल आणि ताकदीचे रोजचे व्यायाम नस परत आणत नसले, तरी उरलेल्या जाणिवेवर चालायला शरीराला शिकवतात आणि पडणं टाळतात. सुधारणा काही महिन्यांच्या मापाने होते. ज्या पेशी नुसत्या दुबळ्या झाल्यात त्या सावरतात, ज्या मेल्या त्या येत नाहीत. त्यामुळे थोडा बधिरपणा कायम राहू शकतो, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

तोवर सुट्या चपला सोडून मागून पट्टा असलेलं किंवा बंद पादत्राण वापरा. घालण्याआधी हात घालून आत खडा नाही ना ते पाहा. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा, पायाने नको. रोज रात्री तळवे आरशात पाहा. न दुखणारी जखम दोन दोन दिवस लक्षात येत नाही. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा असू द्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बोर्टेझोमिब या औषधांनीही नसांना त्रास होतो, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं. ते हातापायांसोबत आतड्यांच्या नसांनाही धरतं आणि घट्ट बद्धकोष्ठ होतं, शिवाय त्यात ताकदही जाऊ शकते. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारं औषध, घेतलेल्यांच्या पापण्या पडायला लागल्या, दोन दोन दिसू लागलं, गिळताना ठसका लागू लागला किंवा पायांतून वर चढणारा अशक्तपणा आला, तर औषध बंद होऊन महिने झाले असले तरी त्याच दिवशी दाखवा.

आता तुमच्या ‘नाही’ कडे येते. ते मला समजतं. ‘काही त्रास?’ हा प्रश्न डॉक्टर फाइलमध्ये पाहत विचारतात आणि दाराबाहेर वीस माणसं बसलेली असतात. पण तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि त्यांच्या नोंदीत ‘तक्रार नाही’ असं उमटलं. पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर सुरुवात कधी झाली हेच कुणाला कळणार नाही. आणि एक भीती मी काढून टाकू इच्छिते. या त्रासावरून कुणी तुम्हाला पुन्हा केमोला बसवणार नाही. उलट पुढे कधी उपचारांची गरज पडलीच, तर ‘याच्या नसा दुखावल्या आहेत’ हे माहीत असल्यामुळे ते औषध वेगळं निवडतील. आज गप्प राहिलात तर हा बचाव तुम्ही स्वतःच गमावता.

कागदावर तारखांसकट लिहून न्या. मुंग्या कधी आणि कुठे सुरू झाल्या, आज कुठवर आल्या. पायाच्या चित्रावर रेघ मारून, खाली तारीख टाकलीत तर उत्तम. करंट दिवसातून किती वेळा येतो, वाढतोय की तसाच आहे. कुठल्या गोळ्या घेतल्या, त्यांची पाकिटं सोबत. आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘डॉक्टर, मागच्या दोन वेळा मी सांगितलं नव्हतं, पण मला नसांचा त्रास होतोय आणि तो वाढतोय.’ एवढं ऐकल्यावर कुठलाही डॉक्टर फाइलमधून मान वर करेल. ते मेंदू-मज्जातंतूतज्ज्ञाकडे पाठवतील. नाही पाठवलं तर तुम्ही विचारा, ‘न्यूरोलॉजिस्टला दाखवू का?’ हे विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

वहिनींना बरोबर न्या. त्या ‘फार विचार करता’ म्हणतात, कारण तुम्ही त्यांना चप्पल निसटल्याचं सांगितलं नसावं, असा माझा अंदाज आहे. हे पत्र त्यांना वाचायला द्या. तुमच्या चालीत झालेला बदल तुमच्याआधी त्यांच्या लक्षात येईल.

दुचाकी सध्या नको. ब्रेकवर पाय किती दाबला जातोय ते पायाला कळत नाही, आणि खड्ड्यात मान हिसकली की नेमका तेव्हाच करंट येणार. चारचाकीच्या पेडलनाही हेच लागू. तपासणी होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पाहू.

शाळेत जा, पण लगेच पूर्णवेळ नको. पहिले काही आठवडे कमी तास मागून घ्या, फळ्याजवळ टेकायला उंच स्टूल ठेवा, आणि उदाहरणाच्या पायऱ्या हातातल्या कागदावर लिहून न्या. विद्यार्थ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. वह्या टेबलावर सपाट ठेवून तपासू नका. वाचनाची तिरपी घडवंची घ्या, म्हणजे वही डोळ्यांसमोर येईल आणि मान वाकवावी लागणार नाही. एमआरआय होईपर्यंत मानेचे व्यायाम आणि मालिश दोन्ही टाळा. मागच्या बाकावरच्या मुलांचे बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नसतील तर ते त्यांचं पुटपुटणं नसून वरच्या पट्टीचं गेलेलं ऐकणं असू शकतं. ऑडिओग्राम हातात आला की मुख्याध्यापकांना दाखवून शक्य तेवढी लहान आणि शांत वर्गखोली मागून घ्या. एमआरआय आणि रक्ताचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, आणि मॅग्नेशियमचा आकडा लिहायला विसरू नका.